या कानाचं त्या कानाला

गाडीचा एसी बिघडला की लोक फार तर गार हवा येत नाही म्हणून बोंबलत येतात. नर्सबाई आल्या त्या वेगळंच दुखणं घेऊन. त्यांच्या विजेवरच्या गाडीत गार-गरम राहू द्या, वाराच येत नव्हता. घरोघरी जाऊन अंथरुणावरच्या माणसांच्या जखमा बांधायच्या हे त्यांचं काम, आणि ऊन असं की गाडीत बसल्या बसल्या माणूस शिजून निघावा. "काका, संध्याकाळी गाडी हवीच हो मला," त्या म्हणाल्या.

काका म्हणजे कानवाला. हे टोपणनाव उगाच पडलं नव्हतं. डॅशबोर्डला नुसता कान लावून हा पठ्ठ्या सांगायचा, बेअरिंग गेलंय, पट्टा सैल आहे, कॉम्प्रेसर घासतोय. आणि उघडून बघावं तर तेच! मीटर त्याच्याकडेही होते, पण कपाटात. मीटर हे बहिऱ्यांचं काम, असं तो चारचौघांत छाती काढून सांगायचा.

आता ते वाक्य तो चुकूनही तोंडातून काढत नव्हता. उजवा कान पार गेला होता आणि डाव्याचंही काही खरं नव्हतं. पण हे त्याने या कानाचं त्या कानाला कळू दिलं नव्हतं. डॉक्टरकडे गेला नाही, बायकोजवळ बोलला नाही. गॅरेज चालत होतं ते कानाच्या नावावर. कानच गेला म्हटल्यावर गिऱ्हाईक कशाला फिरकेल, आणि आपण तरी मग कोण उरणार, या धास्तीने त्याच्या जिवाला चैन नव्हतं.

बायको दिवसभर गॅरेजातच असायची. फोन, गिऱ्हाइकं, सुटे भाग, सगळं तिच्याकडे. हल्ली तिचा आवाज मात्र भलताच चढला होता. "अहो, जेवायला चला!" म्हणाली की शेजारचा टायरवाला दचकून पाना खाली टाकायचा.

"वय झालं की बायकांचा पारा चढतो रे बाबा," कानवाला त्याला डोळा मारून म्हणायचा, आणि दोघं खो खो हसायचे. बायको ते ऐकायची आणि आपल्या कामाला लागायची.

तर कानवाल्याने नर्सबाईंना विचारलं, "बटण दाबल्यावर पंखा फिरल्याचा आवाज येतो का?"

बाई त्याच्या उजव्या अंगाला उभ्या. त्या काहीतरी म्हणाल्या. त्याने समजल्यासारखी मान हलवली, बटण दाबलं आणि डावा कान डॅशबोर्डला टेकवला. या गाड्यांना इंजिनाची धडधड नाही, तेव्हा पंखा फिरत असेल तर ऐकू येणारच, असा त्याचा हिशेब. ऐकू काहीच आलं नाही.

"पंखा जळालाय. बदलावा लागेल," त्याने निकाल देऊन टाकला.

बायकोने मान वर केली, बोलायला तोंड उघडलं, नर्सबाईंकडे पाहिलं आणि पुन्हा फोन उचलून नवा पंखा मागवला.

बाई कामावर गेल्या. जाड नारिंगी वायरींना हात लावायचा नाही, त्यात जीव घेण्याइतकी वीज असते, एवढं तो शिकून आला होता. पंखा मात्र साध्या छोट्या बॅटरीवर चालतो, ते त्याचं रोजचं काम. पायाशी आडवा पडून त्याने जुना पंखा खालून काढला, नवा बसवला, घामाने निथळत बटण दाबलं. वारा नाही. कान लावला. चिडीचूप!

"मेलेला माल पाठवलाय हलकटाने!" तो कडाडला. "लाव त्याला फोन! चांगली खरडपट्टी काढतो त्याची!"

बायकोने फोन लावला नाही. ती येऊन शेजारच्या सीटवर बसली आणि दार ओढून घेतलं.

"अहो, पंखा फिरतोय."

"काय?"

"पंखा फिरतोय! गुं गुं गुं, चांगला मोठ्याने!"

त्याने हात डॅशबोर्डखाली घालून पंख्याच्या डबीवर ठेवला. डबी थरथरत होती. त्याचं तोंड उतरलं.

"आणि जुना?"

"तोही फिरत होता. बाई तेच सांगत होत्या, आवाज येतो पण वारा नाही म्हणून. तुम्ही मान हलवलीत."

"मग तेव्हाच बोलायला काय झालं होतं तुला?"

"त्यांच्यासमोर? कानवाल्याला ऐकू येत नाही म्हणून?"

तो उठला आणि हवा गाळायच्या जाळीचं झाकण उघडलं. पंखा फिरतोय आणि वारा अडतोय म्हटल्यावर पहिल्यांदा हेच बघायचं, हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. आत उंदराने नर्सबाईंच्याच पिशवीतला कापूस पळवून झकास संसार थाटला होता. सगळं उपसलं, नवी जाळी घातली. भसकन वारा आला तो थेट तोंडावर. एरवी त्याने शीळ घातली असती.

"तुला कधीपासून माहीत?" त्याने खाली बघत विचारलं.

"मी ओरडून बोलायला लागले तेव्हापासून," ती म्हणाली. "घसा बसतो माझा रोज रात्री. मला काय हौस आहे?"

टायरवाल्याबरोबरचं ते हसणं त्याला आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने निमूट नवा पंखा काढून जुना परत बसवला.

संध्याकाळी नर्सबाई आल्या, पुन्हा उजवीकडेच उभ्या राहिल्या आणि काहीतरी विचारलं. त्याने बायकोकडे पाहिलं. ती हातातलं फडकं घडी करत राहिली. टायरवाला दारातच उभा होता.

कानवाला वळून बाईंच्या दुसऱ्या बाजूला गेला.

"इकडून बोला, ताई," तो म्हणाला. "तो कान गेलाय माझा."