एकतीस हजार मैलांची जीप

पिराजी सुताराचा बाप बैलगाड्यांची चाकं करायचा. पिराजीनंही रंधाच धरला असता, पण बेचाळीस साली तो फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती झाला आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर, गुडघाभर चिखलात, त्याची जीपशी गाठ पडली. लढाई संपल्यावर कोल्हापूरला परतून त्यानं शाहूपुरीत पत्र्याची शेड घातली आणि मोटारी दुरुस्त करायला बसला. बोलणं मोजकंच. पण यंत्राबद्दल एकदा बोलला की शब्द मागं घ्यायचा नाही. काहीजण याला त्याचा गुण म्हणत, काहीजण खोड.

एकावन्न सालच्या उन्हाळ्यात डॉक्टर लीलाबाई कारखानीस त्याच्याकडं आल्या. मंगळवार पेठेत त्यांचा बाळंतपणाचा लहानसा दवाखाना होता. घाटमाथ्यावरच्या बावड्याकडच्या बाया अडल्या की घरची माणसं त्यांना बैलगाडीत घालून आणत, आणि कितीतरी जणी दवाखान्याची पायरी बघायच्या आतच संपत.

"मला त्यांच्याकडं पोचायचंय," लीलाबाई म्हणाल्या. "स्टेशनजवळ गणपतराव लष्करी गाड्या विकतात. त्यांच्याकडं दोन जीप आहेत. तुम्ही बघून सांगा."

बरोबर त्यांचे वडील तात्या होते. तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलेला माणूस. त्यांनी हिशेब आधीच मांडला होता.

"एक बेचाळीसची, एकतीस हजार मैल चाललेली. दुसरी पंचेचाळीसची, फक्त नऊ हजार. वयानं लहान आणि चाललीही कमी. पिराजी, यात बघायचं काय आहे?"

"ते बघितल्यावर सांगतो की," पिराजी म्हणाला.

गणपतरावांच्या आवारात दोन्ही जीप शेजारी शेजारी उभ्या होत्या. पंचेचाळीसची नव्या नवरीसारखी. रंग शाबूत, गाद्या न फाटलेल्या. बेचाळीसच्या जीपच्या पत्र्याला पोचे, आणि ब्रेकच्या पायपट्टीवरच्या रेघा झिजून गुळगुळीत झालेल्या. चावी फिरवताच नवी एका दमात सुरू झाली. जुनी खोकली, निळसर धूर सोडला, मग लागली. तात्यांनी मुलीकडं अर्थपूर्ण बघितलं.

पिराजीनं दोन्ही गाड्या जोतिबाच्या चढावर नेल्या. नवी न कुरकुरता वर गेली. जुनीही गेली, पण वाटेत तिनं तेल खाल्लं, हे त्यानं परत आल्यावर स्वतःहूनच सांगितलं. गणपतराव हसले. "मग ठरलं तर, पावणं!"

"न्हाय. अजून पोट बघितलं न्हाय."

तो पाठीवर झोपून नव्या जीपखाली सरकला. बराच वेळ तिथंच. मग त्यानं एक परात मागितली, पुढच्या दोन चाकांमधल्या दात्यांच्या डब्याखाली धरली आणि बूच सोडलं. काळंभोर तेल पडायला हवं होतं. पडलं ते ताकासारखं पांढुरकं, फेसाळ. त्यानं बोट बुडवून तात्यांच्या पुढं धरलं. बोटावर गंजाचे बारीक कण चमकत होते.

"पाणी हाय आत. ही गाडी चाक बुडंस्तोवर पाण्यात उभी हुती, एक पावसाळा न्हवं, लई पावसाळं. दातं गंजल्यात. सपाटीला कळत न्हाय. बावड्याच्या चिखलात पुढच्या चाकांना जोर लावला की मोडतील."

गणपतरावांचा चेहरा उतरला. गाडी लांबच्या डेपोतून लिलावात आली होती. ती तिथं कशी उभी होती ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"म्हणजे मैल खोटे?" तात्यांनी विचारलं.

"मैल खरं हायत, तात्या. नऊच हजार. पर सहा वर्सांत नऊच हजार का, ह्ये कुणी इचारलं न्हाय. मोटार चालती तंवर तिला कुणीतरी तेल घालतं, हात लावतं. उभी ऱ्हायली की तिच्याकडं कोण बघतंय?"

मग त्यानं दुसरी परात मागून जुन्या जीपखाली धरली. काळं, स्वच्छ, दाट तेल. प्रत्येक सांध्यात ग्रीस, झिजलेले भाग वेळच्या वेळी बदललेले. कुणा अनोळखी ड्रायव्हरनं ती जीव लावून वापरली होती, आणि तो माणूस कधी भेटला नसला तरी पिराजीला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली.

"हिच्या इंजनाच्या रिंगा बदलाय पायजेत. धूर जाईल. बाकी हिला मी बावड्याला न्हेतो आणि परत आणतो. माझं नाव लावून सांगतो."

लीलाबाईंनी वडिलांकडं बघितलं. तात्यांनी त्या ताकासारख्या तेलाची परात पायानं बाजूला सारली. "जुनी घे," ते म्हणाले.

महिनाभरात रिंगा बदलून झाल्या आणि पिराजीनं बाईंना रेसकोर्सच्या मोकळ्या मैदानावर गाडी शिकवली. डावीकडचं स्टिअरिंग, जड क्लच. लुगड्याचा काष्टा मारून बाई बसायच्या आणि आजूबाजूला बघ्यांची गर्दी व्हायची. तो गर्दीला ओरडून हाकलायचा; बाईंना मात्र एकदाही ओरडला नाही.

श्रावणात निरोप आला. बावड्याच्या वाटेवरच्या साळवणच्या पुढच्या वाडीतली बयाबाई दोन दिवस अडली होती. पावसाचं पाणी बघून पिराजीही बाईंबरोबर निघाला आणि गाडी त्यानंच चालवली. एसटी ओढ्याच्या अलीकडं थांबलेली, दोन्ही काठांवर माणसं खोळंबलेली. पिराजी उतरला, काठी घेऊन पाण्यात शिरला, तळ चाचपून आला. मग चारही चाकांना जोर दिला आणि जीप पाण्यात घातली. पाणी पायाखालच्या पत्र्यावर आलं. बाईंनी औषधांची पेटी डोक्यावर धरली होती. मधोमध चाकं क्षणभर जागच्या जागी फिरली, आणि मग पुढच्या चाकांनी दगड धरला. पलीकडच्या काठावर जीप चढली तेव्हा माणसांनी आरोळी ठोकली.

दुपारी तीन वाजता बयाबाईची सुटका झाली. मुलगी. घरच्यांनी पिराजीच्या हातात गूळ ठेवला, जणू त्यानंही काही केलं होतं. बाहेर पोरंठोरं जीपभोवती जमली होती आणि एक म्हातारा विचारत होता, "नवी हाय काय वं?"

"एकतीस हजार मैल चाललीया," पिराजी छाती काढून म्हणाला. आता तिचे बत्तीस झाले होते, पण तो आकडा त्याच्या तोंडातून सुटत नव्हता.

पुढच्या पावसाळ्यापासून लीलाबाई एकट्याच जाऊ लागल्या. त्यांची जीप शेडवरून गेली की तो हातातलं काम थांबवायचा, इंजिनचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकायचा, आणि मगच पाना उचलायचा.

त्याच्या पारखीची कीर्ती गावोगाव पोचली. सत्तावन्न साली चंदगडचा कृष्णात म्हणून एक भाताच्या गिरणीचा मालक त्याला न्यायला आला. त्यालाही दोन जीपमधली एक निवडायची होती. पिराजी दिवसभर दोन्हींखाली झोपला आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी आला.

"कंची घ्या म्हणालासा?" बायकोनं, बनाबाईनं, विचारलं.

"एक बी घिऊ नगा म्हणालो. दोन्हीच्या पोटात पाणी."

"आगं बया! मग पावणं रागावलं असतील की."

"न्हाय," पिराजी हात धूत म्हणाला. "माझ्यासाठी कोंबडं कापलं त्येनं. आणि पुढच्या खेपंला मी येऊन बघिस्तोवर कुठल्याच गाडीला हात लावनार न्हाय म्हणाला."