वधूच्या वडिलांचं रिकामं फोल्डर

मित्रहो, मी दर्यापुरात लग्नाचे फोटो काढतो. दर कामाला हातानं फोल्डर बनवायचा कंटाळा, म्हणून कॉम्प्युटरवर एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवली आहे. नवरीचं नाव टाकलं की हळद, वरात, वधूचे वडील, वराची आई अशी सगळी फोल्डरं आपोआप तयार होतात.

आज सकाळी एका नवरीला फोटोंची लिंक पाठवली. दुपारी तिचा फोन आला.

"भाऊ, बाबाच्या फोल्डरात काहीच काहून नाही?"

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाला आणि महिन्याभरात तिचे वडील वारले. मले माहीत होतं, स्क्रिप्टले कुठून असणार?

"चुकलं ताई, डिलीट करतो," म्हटलं.

"नका करू. साक्षगंधाचे फोटो तुमीच काढले होते ना? त्यातला बाबाचा एखादा टाकून द्या."

सगळे फोटो चाळले. वडील एकाच फोटोत सापडले. पंगतीत वाढून राहिले होते, हातात वरणाची बादली, कॅमेऱ्याकडे पाठ. तोच टाकला.

थोड्या वेळानं तिचा मेसेज आला. "बाबाच आहे. तो शर्ट मीच घेऊन देल्ला होता."

तुमच्या घरच्या लग्नाच्या अल्बममध्ये बापाचा चेहरा दिसते का, की नुसती पाठ?