आरशातल्या बातम्या

आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये टीव्ही गिऱ्हाइकाच्या पाठीमागे टांगलेला आहे. खुर्चीत बसलं की बातम्या समोरच्या आरशात दिसतात, खालून सरकणारी अक्षरं उलटी. चॅनल कायम एकच. आम्हाला उलटं वाचायची सवय झाली आहे.

काल माझ्या आधी आमचे शाळेतले विज्ञानाचे सर बसले होते. कानामागे चार टाके. परवा पाण्यासाठी काढलेल्या मोर्चात त्यांच्या डोक्यात पोलिसाची काठी बसली. तेव्हा मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो. न्हावी टाक्यांभोवतीचे केस जपून कापत होता. तेवढ्यात टीव्हीवरची बाई म्हणाली, मोर्चा शांततेत पार पडला, कुणावरही काठी उगारली गेली नाही.

सरांचा हात हळूच टाक्यांवर गेला.

"मीच घसरलो असेन," ते म्हणाले. "गर्दीत कळत नाही. सरकार उगाच कशाला मारेल?"

माझं डोकं फिरलं. याच माणसाने 'आधी स्वतः बघा, मग लिहा' म्हणत आमच्या हातांवर पट्ट्या ओढल्या होत्या. भीतीने गप्प बसणारा माणूस मला कळतो. त्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं. सर घाबरले नव्हते. त्यांना हायसं वाटलं होतं. आपल्याला कुणी मारलंच नाही, यापेक्षा गोड बातमी ती कोणती?

न्हाव्याने कात्री थांबवून माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुम्ही होतात ना तिथं?"

सर आरशातून माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या खांद्यावरून उलटी अक्षरं सरकत होती.

"मी जरा मागे होतो," मी म्हणालो.