उंटवाले, इंजिनवाले आणि प्रज्ञाचं साक्षगंध

माझ्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दोन विलायती बँडच्या भांडणापायी मोडता मोडता राहिलं. त्यातली विशेष गोष्ट अशी, की ते बँड एकमेकांशी भांडलेच नव्हते. त्यांच्या वतीने आम्ही भांडलो. त्यांना वेळ नसेल, आम्हाला होता!

मी ढोके, पांढुर्ण्यात गणित शिकवतो. तरुणपणी शिकायला नागपूरला गेलो आणि होस्टेलात रॉक म्युझिकची लागण घेऊन आलो. 'सॅड इंजिन' या बँडवर माझा भारी जीव. (आम्ही बौद्ध माणसं, घरात देव नाही. ती रिकामी जागा मी इंजिनवाल्यांना दिली होती.) त्यांनी जेमतेम चार कॅसेटी काढल्या आणि बँड मोडला. मी मात्र मोडलो नाही. रोज शाळेतून आलो की इंजिन लावायचं आणि डोळे मिटून मान हलवायची, हा माझा नेम. माझी बायको सुजाता हिचं त्यावर एकच म्हणणं : "एवढे बोंबलून काऊन राहिले ते? कोणी मारलं काय त्याहिले?"

तर आमची प्रज्ञा नागपूरला नोकरी करते. तिथेच तिच्या ऑफिसात सुगत नावाचा मुलगा, सौंसरचा. एक दिवस प्रज्ञाने फोनवर सांगितलं, "बाबा, मले हाच पाहिजे. तुम्ही फक्त त्याच्या घरी जा, चहा प्या आणि कमी बोला." तिसरी सूचना मी नीट ऐकली असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

आम्ही संत्र्याची टोपली घेऊन सौंसरला गेलो. दार मुलाच्या वडिलांनी उघडलं. गजभिये साहेब, तहसीलमधून रिटायर झालेले. चेहरा कडक, मिशा कडक आणि अंगात काळा टी-शर्ट. त्या टी-शर्टवर, पोटाच्या सोयीने जरा फुगलेला, एक उंट!

"साहेब," मी बोट दाखवून म्हणालो, "हा उंट म्हणजे... रस्टी कॅमल?"

"तुमी ओळखता?" साहेबांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अहो सर, मी सौंसरात तीस वर्षांपासून एकटा आहो!"

'रस्टी कॅमल' म्हणजे फार जुना, फार मोठा बँड. सगळे ऐंशीच्या घरातले, अजूनही स्टेजवर उड्या मारतात आणि दर दोन-तीन वर्षांनी आपला शेवटचा दौरा काढतात. छिंदवाड्यापासून नागपूरपर्यंत रॉक ऐकणारी बहुतेक दोनच माणसं असावीत, आणि ती व्याही होणार! आम्ही मिठी मारली. मुलामुलीला कोणी काही विचारलंच नाही. साक्षगंध पांढुर्ण्याला, आमच्या विहाराच्या हॉलमध्ये, पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी ठरलं. सुजाता आणि विहीणबाईंनी एकमेकींकडे पाहून सुटकेचा श्वास सोडला. बिचाऱ्या.

मग साहेब म्हणाले, "सर, उंटवाल्यांचं नवं गाणं आलं. ऐका, अंगावर काटा येते."

त्यांनी मोबाइल लावला. गाण्याच्या सुरुवातीलाच गिटार वाजली : ढ्यँव-ढ्यँव-डिडी-ढ्यँव, ढाँ! माझ्या अंगावर खरंच काटा आला. हा रिफ तर आमचा! (रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा तुकडा. गाणं विसरतं, तो डोक्यातून जात नाही.) इंजिनवाल्यांच्या दुसऱ्या कॅसेटमधला, पहिल्याच गाण्याचा, जसाच्या तसा!

शहाणा माणूस "वा!" म्हणाला असता आणि पोहे मागितले असते. मी म्हणालो, "साहेब, हे चोरलेलं आहे."

साहेबांचा कप ओठाशीच थांबला. "काय म्हणाले तुमी?"

"चोरलं. इंजिनवाल्यांचं आहे हे."

"सर, मोठे कलाकार चोरत नसतात. त्याले आदरांजली म्हणतात."

"आदरांजली नाव घेऊन देतात साहेब. नाव न सांगता उचलते त्याले काय म्हणतात, तुमी तहसीलमधले, तुमाले मी काय सांगू?"

आता हे शेवटचं वाक्य मी कशाला बोललो, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. सुजाताने मला इतक्या जोरात चिमटा घेतला की मी उभाच राहिलो. साहेबांना वाटलं, मी अंगावर चालून येतो आहे. तेही उभे राहिले. "तुमचे इंजिनवाले चार कॅसेटीत खपले! माझे उंटवाले साठ वर्षांपासून चालून राहिले!" असं ते गरजले. मी म्हणालो, "दुसऱ्याचा चारा खाऊन कोणीही चालते!" पोहे आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी आमची संत्र्याची टोपली बसने, कंडक्टरच्या हाती, परत आली. त्यातली दोन संत्री कमी होती, ती कंडक्टरने खाल्ली असावीत. साहेब तत्त्वाचे पक्के होते.

खरं तर एवढ्यावर भागायला पाहिजे होतं. आमचे लोक दरवर्षी गोटमारीच्या जत्रेत जाम नदीपलीकडच्या सावरगाववाल्यांना दगड मारतात, पट्ट्या बांधून घेतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच घरी चहाला जातात. पण दगडाचं ठीक आहे हो. इथे गिटारचा प्रश्न होता!

लग्नासाठी पोरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्ही घरांचा ग्रुप काढला होता. साड्यांचे रंग ठरवायला. त्यावर मी पुरावा म्हणून तो रिफ तोंडाने गाऊन टाकला. साहेबांनी तोंडानेच उत्तर दिलं, त्यांच्या मते दोन रिफमध्ये जो जमीन-आसमानाचा फरक होता तो दाखवून. मी परत ढ्यँव केलं. त्यांनी ढाँ केलं. आमच्या रामाकोना गावच्या आत्याबाईंनी ते सगळं सलग ऐकलं आणि लिहिलं, "दोघायच्याही छातीत कफ झाला वाटते. अडुळशाचा काढा घ्या. लग्नघर आहे, जपा."

मग सौंसरहून निरोप आला : ढोके सर 'चोर' हा शब्द मागे घेत नाहीत तोवर साक्षगंध होणार नाही. मी कळवलं की शब्द मागे घेणार नाही, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

त्या संध्याकाळी प्रज्ञाचा फोन आला. मला वाटलं चिडेल. ती चिडली नाही, रडली. "बाबा, त्या गोऱ्या म्हाताऱ्यायले तुमचं नावही माहीत नाही," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मी घाबरलो. लेकीचं ठरलेलं लग्न माझ्या तोंडाने मोडतं आहे, हे पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं. मला जेवण गेलं नाही.

सुजाताने मात्र फोन हातात घेतला, विहीणबाईंशी बोलली आणि दोघींनी मिळून तोडगा काढला. साक्षगंध ठरल्या दिवशीच होईल. समारंभात दोन्ही बाप तोंड उघडणार नाहीत. जेवणं झाल्यावर दोन्ही गाणी स्पीकरवर लावायची, मग काय भांडायचं ते भांडा. "आणि त्याच्या आधी उंट म्हणाले तर," सुजाता मला म्हणाली, "मी तुमाले कॅसेटींसकट तिगावच्या स्टेशनवर सोडून येईन. गाडी कोणती पकडायची ते तुमी पाहा."

मी तयारीला लागलो. आधी इंजिनवाल्यांचा रिफ, लगेच उंटवाल्यांचा, परत इंजिनवाल्यांचा, अशी मालिका केली आणि महिनाभर दिवसरात्र घरात वाजवली. पुराव्यात फट कुठे राहायला नको ना! त्याच महिन्यात आमच्या मागच्या खोलीत वार्डाचं महिला मंडळ स्वागतगीताची तालीम करत होतं. मंडळाच्या प्रमुख चंदामावशी. वार्डाच्या माजी पार्षद, म्हणजे नगरसेविका. त्यांच्यासमोर नगरपालिकेचे साहेबलोक अजूनही खुर्ची सोडून उभे राहतात. शिवाय साक्षगंधाचा स्वयंपाक याच मंडळाकडे होता, हे ध्यानात ठेवावं.

रविवार उजाडला. सौंसरची मंडळी आली. साहेब हॉलच्या एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या. वंदना झाली. त्रिशरण, पंचशील म्हणताना 'चोरी करणार नाही' यावर मी जरा जोर दिला आणि 'खोटं बोलणार नाही' यावर साहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली. बाकी सगळं सुरळीत. प्रज्ञा पिवळ्या साडीत इतकी सुरेख दिसत होती की मी मनात म्हटलं, ढोके, मर्दा, आज तोंड शिवून टाक.

मग महिला मंडळ उभं राहिलं. हार्मोनियम, ढोलकी, खंजिरी. चंदामावशींनी पेटीवर बोटं ठेवली आणि सूर निघाला :

ढ्यँव-ढ्यँव-डिडी-ढ्यँव, ढाँ!

आणि त्यावर शब्द :

"सौंसरची सोयरी मंडळी आली ग आली, हाँ!
पांढुर्ण्याची लाडाची लेक ल्याली ग साडी, हाँ!"

मला आधी वाटलं, माझ्या डोक्यातच वाजतं आहे, महिनाभराचा परिणाम. पण दुसऱ्या कोपऱ्यात गजभिये साहेब ताडकन उभे झालेले दिसले. म्हणजे खरंच वाजत होतं! आमच्याकडे गाण्याला चाल लावायची रीत अशीच. कानावर पडली, आवडली, शब्द बसवले, झालं गाणं आपलं. सिनेमाची चाल घेतात, भजनाची घेतात, पण रॉकची घेतल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं. लोक टाळ्या पिटत होते. सौंसरच्या बायासुद्धा 'हाँ!' वर मान उडवत होत्या. माझी तीस वर्षं मुरलेली मानही इतकी नीट उडत नाही.

साहेब तरातरा स्टेजजवळ गेले. मी मागे धावलो, त्यांना अडवायला. (सुजाताला वाटलं, मदतीला.)

"बाई, ही चाल कुठून घेतली?" साहेबांनी विचारलं.

"घेतली म्हणजे?" चंदामावशींची पेटी थांबली. "सुचली मले. ढोके सरच्या घरी बसली होती, भाजी निवडता निवडता सुचली."

"सुचली कशाची? ही सरळ सरळ चोरी आहे!"

महिनाभर ज्या शब्दासाठी साक्षगंध अडलं होतं, तो गजभिये साहेबांनी माइकसमोर स्वतःच्या तोंडाने उच्चारला! आयुष्यात असा विजय मला पुन्हा मिळणार नव्हता. मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात मला स्टेजवर प्रज्ञा दिसली. तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"नाही हो साहेब," माझ्याच तोंडून शब्द आले, "चोरी कायची? मोठे कलाकार चोरत नसतात. ही... ही आदरांजली आहे."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी इंग्रजीत बोललो होतो. चंदामावशी मात्र पदर खोचून उठल्या.

"कोनाची आदरांजली? कोन मेलं? चोर म्हनता मले? मले! ह्या वार्डात नळ कोनं आनले? चला गं बायांनो, उठा! पुऱ्या तशाच राहू द्या कढईत!"

ढोलकी उठली. खंजिरी उठली. स्वयंपाकघरातून गॅस बंद केल्याचा आवाज सगळ्या हॉलला ऐकू गेला. दोनशे पाहुणे उपाशी, अंगठ्या अजून डबीत आणि विहीणबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच 'चला सौंसरले' असा भाव. गजभिये साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी हळूच माझा हात धरला.

"सर, करा ना काही तरी. पोराचं लग्न आहे माझ्या."

"माझ्याही पोरीचं आहे, साहेब."

मग आम्ही दोघं चंदामावशींपुढे जोडीने उभे राहिलो. साहेबांनी माइकवर जाहीर केलं, की ही चाल त्यांनी जन्मात कधी ऐकलेली नाही. मी जाहीर केलं, की ती मावशींनी आमच्याच घरी, मेथीच्या भाजीवर, माझ्यादेखत रचली. रस्टी कॅमल आणि सॅड इंजिन, दोघांनाही आम्ही एका दमात वाऱ्यावर सोडलं. गॅस पेटला. पुऱ्या फुगल्या. पोरांनी अंगठ्या घातल्या, आणि प्रज्ञा माझ्याकडे पाहून हसली तेव्हा मला रडू फुटलं. लोकांना वाटलं, लेक चालली म्हणून.

जेवणं झाली. आम्ही स्पीकर गुपचूप उचलायला गेलो तर चंदामावशी पाटावरून उठून, हात धुऊन समोर हजर.

"ते गोरे कोन हायेत, ज्याहिच्यापायी तुमी महिनाभर भांडून राहिले होते? लावा. आयकू द्या मले."

नाही म्हणायची हिंमत कोणात होती? लावली मालिका. इंजिनवाले, उंटवाले, इंजिनवाले. मावशींनी डोळे बारीक करून सगळं ऐकलं. सारा हॉल निकालासाठी थांबला. शेवटी त्यांनी पानाचा विडा गालात सरकवला.

"दोघायनंही माही चाल चोरली," त्या म्हणाल्या. "आन् वाजवता काही येत नाही. पन जाऊ द्या, शुभकार्य हाये. माफ केलं त्याहिले."

साहेबांनी उंटवाल्यांच्या वतीने हात जोडले. आणि मी, तत्त्वाचा माणूस, इंजिनवाल्यांच्या वतीने मावशींच्या पाया पडलो!