गप्प नवरीचं प्रकरण

माझ्या कादंबरीबद्दल लोकांचं मत काय, हे विचारायला मला कधी कुणाच्या दारी जावं लागलं नाही. नेरसारख्या गावात मत घरपोच मिळतं. भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, कुणाच्या तेरवीच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी गाठतं आणि म्हणतं, ‘मॅडम, वाचली बरं का.’ त्या ‘बरं का’च्या पुढे जे येतं ते निमूट ऐकून घ्यायची सवय मला शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून झाली आहे.

कादंबरी आमच्या गोर, म्हणजे बंजारा, लोकांच्या लदेणीच्या काळातली. रेल्वे यायच्या आधी आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडायचे, ती लदेणी. दोन तांड्यांचे नायक, म्हणजे मुखिया, बसून एक लग्न ठरवतात. मुलीनं मुलाला पाहिलेलं नाही, मुलानं मुलीला नाही. मग एका लांबच्या फिरतीत त्या दोघांचं हळूहळू जुळत जातं. एवढीच गोष्ट आहे. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं घासून मी ती लिहिली आणि नागपूरच्या एका प्रकाशकानं छापली.

मतं तऱ्हेतऱ्हेची आली. एका सासूबाईंनी कळवलं, की ठरवून केलेल्या लग्नातही प्रेम होतं हे तुम्ही छान दाखवलं, मी पुस्तक सुनेच्या उशाशी ठेवलं आहे. त्या सुनेचं मत मात्र मला अजून कळलेलं नाही. कॉलेजातल्या एका मुलीनं विचारलं, की गोष्टीतला नवरा इतका समजूतदार आहे, तर तसा हल्ली कुठे मिळेल? ढाणकीच्या एका बैलांच्या व्यापाऱ्यानं फोनवर आवाजी निरोप पाठवला. ‘मॅडम, गोष्ट एक नंबर. पण तिसऱ्या प्रकरणात तुमचा बैल सहा दाती हाय न् नवव्यात चार दाती. बैल उलटा वाढून राह्यला काय?’ बैलाचं वय दातांवरून मोजतात आणि वयाबरोबर दात वाढत जातात. मी बैलाचे दात मोजले नव्हते. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण माणूस खरं बोलत होता.

एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं. सातवं प्रकरण. त्यात नवरीची पाठवणी आहे. रीतीप्रमाणे तिला बैलाच्या पाठीवर उभं करतात, सगळा तांडा जमतो, आणि ती एक शब्द बोलत नाही, रडत नाही, वळून पाहत नाही. आमच्या वाचनालयात पुस्तकावर चर्चा झाली तेव्हा एक निवृत्त हेडमास्तर उठून म्हणाले, ‘त्या मुलीचा संयम पाहून माझे डोळे भरून आले.’ टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली, पण खरं सांगते, मी फुगले होते. ते प्रकरण मी एका बैठकीत लिहिलं होतं आणि त्यातला शब्दही नंतर बदलला नव्हता.

प्रकाशकाचा फोन आला, की दुसरी आवृत्ती काढतो आहे, दुरुस्त्या असतील तर पंधरा दिवसांत द्या. मी म्हटलं, दुरुस्ती एकच, बैलाचे दात.

त्याच आठवड्यात मी तांड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीवर, गेले. नेरहून एसटीनं तासाभराचं अंतर आहे. तिथे माझा भाऊ राहतो आणि त्याच्याकडे माझी आई. आम्ही तिला याडी म्हणतो. ती ऐंशीच्या पुढची आहे आणि तिला वाचता येत नाही. भावाची सून शिकलेली. ती महिनाभर रोज दुपारी जेवणं आटोपली की देवळाच्या ओट्यावर बसून कादंबरी मोठ्यानं वाचत होती, आणि तांड्यातल्या सात-आठ म्हाताऱ्या ऐकायला येत होत्या. याडीही. त्या दिवशी सातवं प्रकरण होतं आणि मला आग्रहाचं बोलावणं होतं. मी स्वतःचं कौतुक ऐकायला गेले होते, ते लपवण्यात अर्थ नाही.

सून छान वाचत होती. नवरी बैलावर उभी राहिली. तांडा जमला. नवरी गप्प राहिली. बैल चालू लागला. प्रकरण संपलं. म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. आमचं बोलणं गोरबोलीत होतं, पण इथे मी ते वऱ्हाडीत देते, कारण बाहेरचं माणूस आलं की आम्ही सगळे वऱ्हाडीतच बोलतो.

एकीनं विचारलं, ‘मंग? पुढचं पान चिकटलं काय?’

‘नाही आजी, संपलं प्रकरण,’ सून म्हणाली.

‘असं कसं संपलं? ढावलो कुठी हाय?’

ढावलो म्हणजे नवरीचं रडगाणं. लग्न ठरलं की बायका तिला रोज बसवून ते शिकवतात. निघताना ती एकेकाच्या गळ्यात पडते आणि सूर धरून त्याला जे म्हणायचं ते म्हणते. चाल जुनी असते, शब्द तिचे. बापाला, भावाला, काकाला, आईला. मला इतक्या लांब का दिलं, मी तुझ्या घरात कुठे मावत नव्हते, सगळं. त्या दिवशी तिला कुणी अडवत नाही आणि कुणी तिचं वाईट वाटून घेत नाही. कोणत्या पोरीनं आपल्या काकाला काय सुनावलं हे आमच्या तांड्यात चाळीस-चाळीस वर्षं सांगितलं जातं.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी चूक केली ती माहीत असून केली. गप्प राहणारी नायिका शोभते, असं मला वाटलं होतं.

मी सांगू लागले, की ती मानी आहे, तिचं दुःख आतल्या आत आहे. सगळ्यात थकलेल्या म्हातारीनं हात हलवून मला थांबवलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, ‘त्या पोट्टीची माय मेलती काय?’

‘नाही, आई आहे की तिची. चौथ्या प्रकरणात...’

‘मंग ढावलो काहून नाही शिकवला? माय असताना कोनती पोट्टी मुकी जाते?’

याडी माझ्यासमोर बसली होती. ती पदर सारखा करून उठली आणि घराकडे चालू लागली. ओट्यावरच्या सगळ्या माझ्याकडे वळल्या, कारण सगळ्यांना एकदमच आठवलं. मला सर्वांत शेवटी आठवलं.

माझ्या लग्नात मी ढावलो म्हटला नव्हता. मी बी. ए. झालेली होते. लग्नाच्या महिनाभर आधी याडी दोघी बायकांना घेऊन मला शिकवायला बसली, तेव्हा मी म्हटलं होतं, ‘हे अडाण्यांचं काम आहे, मी नाही गळा काढणार.’ आणि निघताना मी एकेकाला वाकून नमस्कार केला, कोरड्या डोळ्यांनी, आणि जीपमध्ये बसले. लोकांनी वाहवा केली, पोरगी किती खंबीर. तांड्यातल्या बायका मात्र त्या दिवशी याडीला काय बोलल्या असतील, हा विचार मी इतक्या वर्षांत एकदाही केला नव्हता. मला स्वतःचीच चीड आली. मी माझी वागणूक उचलून शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या एका मुलीच्या गळ्यात बांधली होती, आणि आता ती दुसऱ्यांदा छापली जाणार होती.

मी तिथूनच प्रकाशकाला फोन लावला. म्हटलं, थांबा, सातवं प्रकरण नवीन देते.

‘अहो, तेच तर लोकांना आवडलंय,’ तो कळवळून म्हणाला. ‘बैलाचे दात करा की दुरुस्त.’

‘दातही करते. पण हे प्रकरण जुनंच जाणार असेल तर पुस्तक काढू नका.’

‘वाचक नाराज होतील, मॅडम.’

‘होऊ द्या.’

त्यानं पंधरा दिवसांचे दहा केले. वर म्हणाला, की एवढ्यात नाही जमलं तर आहे तेच छापायला घेतो. मी म्हटलं, घेऊन तर बघा. बोलताना जोर होता, पण फोन ठेवल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं, कारण मला ढावलोची एक ओळही नीट येत नव्हती. ऐकलेला होता, म्हटलेला नव्हता. आणि तो मला जिच्याकडून घ्यायचा होता ती घरात भिंतीकडे तोंड करून पडली होती.

पहिल्या दिवशी याडीनं सांगितलं, की तिचा आवाज गेला. दुसऱ्या दिवशी तिचे गुडघे दुखत होते, जसं काही ढावलो गुडघ्यांनी म्हणतात. तिसऱ्या दिवशी ती स्पष्टच बोलली.

‘तवा शिकवाले आलती मी. तूच म्हटलं, अडान्याचं काम हाय. आता पुस्तकात घालाचं म्हनून पाह्यजे काय तुले?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘पुस्तकात घालायचं म्हणूनच पाहिजे.’

खोटं बोलून फायदा नव्हता. तिला माझं खोटं लहानपणापासून कळतं. मी रोज सकाळच्या एसटीनं जायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत यायची. तिच्याबरोबर तुरीच्या शेंगा सोलल्या, तिचं डोकं विंचरलं, आणि रोज एकदा विचारलं. भाऊ म्हणाला, दुसऱ्या कुणा म्हातारीला विचार, तुझं काम होईल. काम झालं असतं, हे मलाही कळत होतं. पण मला ते दुसऱ्या कुणाकडून नको होतं. माझा नवरा घरी डबा गरम करून खात होता आणि फोनवर म्हणत होता, ‘म्हातारीशी हट्टात तू जिंकणार नाहीस, पण येताना शेंगा आण.’

सातव्या दिवशी मी वही-पेन घेऊन तिच्यासमोर बसले तर तिनं वही काढून घेतली आणि स्वतःच्या मांडीखाली सरकवली.

‘हे लिहाचं नसते. गळ्यात हात टाक.’

मी साठीच्या घरातली बाई, ऐंशीच्या बाईच्या गळ्यात हात टाकून जमिनीवर बसले. ती एक सूर काढायची, मी मागून काढायची. माझा सूर फाटका. दारातून सून डोकावली आणि हसू दाबून आत गेली. बापाचं झालं, भावाचं झालं. आईची पाळी आली तेव्हा याडी एकदम थांबली.

‘हे मी नाही सांगनार. हे तुलेच म्हना लागते.’

‘मी काय म्हणणार? नवरीला काय म्हणायचं ते...’

‘नवरीचं नाही इचारून राह्यली. तुहं इचारून राह्यली. तू काईच न बोलता गेली. तुह्या मनात माह्यासाठी काय होतं, मले समजलंच नाही. इतके साल झाले.’

अडचण अशी, की माझा नवरा चांगला निघाला. संसार चांगला झाला, नोकरी मिळाली, मुलं शिकली. तक्रार करायला जागाच उरली नव्हती. पण तक्रार होती. मला अमरावतीला एम. ए.ला जायचं होतं, वसतिगृहात जागा मिळाली होती, पेटी भरलेली होती. मी कागदपत्रं आणायला कॉलेजात गेले त्या दिवशी पाहुणे येऊन गेले आणि याडीनं होकार देऊन टाकला. मी परत आले तेव्हा पेटीतले कपडे काढून दोरीवर टांगलेले होते.

मी सूर धरला. कसा लागला ते मला माहीत नाही. याडी, मी घरात नव्हते, तू हो म्हणालीस. याडी, माझी पेटी तू उपसलीस. मला एकदा विचारलं का नाहीस? म्हणता म्हणता मला जे रडू फुटलं ते त्या चालीत आपोआप बसलं, त्यासाठी काही शिकावं लागलं नाही. मी हमसून हमसून रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

आई नवरीला उत्तर देते, तीही रीत आहे. बहुतेक आया समजूत घालतात. याडीनं समजूत घातली नाही. तिनं माझी पाठ धरून ठेवली आणि त्याच चालीत, मोडक्या आवाजात म्हटलं, ‘इचारलं असतं त तू नाही म्हटलं असतं. म्हनून नाही इचारलं.’

मी नवं सातवं प्रकरण दोन दिवसांत लिहून पाठवलं. प्रकाशकाचा फोन आला. बाकी सगळं ठीक आहे, पण नवरीच्या आईचं ते उत्तर फार कठोर वाटतं, वाचकांना आई आवडणार नाही. तेवढी दोन वाक्यं गाळू या का?

‘नाही,’ मी म्हटलं. ‘त्या दोन वाक्यांसाठीच प्रकरण लिहिलंय.’