खिंडीतल्या फाटकापुढचे दगड

वेल्ह्यातले आमचे शेजारचे काका, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, जुना नकाशा घडी घालून टोपीत ठेवतात. कोकणात उतरणाऱ्या मोडलेल्या घाटवाटा शोधायचा त्यांना लई नाद. कुणी "वाट न्हाई" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "नकाशात हाय न्हवं? मग हाय."

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर अशाच एका वाटेच्या खिंडीत गेलो, तर वाटेवरच कुणा बंगलेवाल्याचं फाटक. वाटसरूंनी खिंडीतल्या देवापुढं एकेक दगड ठेवून केलेली रासही त्यानं उचलून फेकलेली.

वॉचमन म्हणाला, "वाट बंद झालीया."

काकांनी नकाशा टोपीतून काढलाच नाही. एक दगड उचलून फाटकाला टेकवला. "देवाचा दगड आता हितं."

मीही ठेवला. मग आम्ही बाजूच्या कुंपणाच्या तारेखालून घुसलो.

तेव्हापासून येणारा-जाणारा प्रत्येकजण तिथं दगड ठेवतो. आता ते फाटक मालकालाही उघडत नाही.