आईचे पाय

आईला लकवा मारला तेव्हा ती बार्शीटाकळीजवळच्या आमच्या मळ्यात वांगी तोडत होती. उजवी बाजू गेली. तरी अकोल्याच्या दवाखान्यातून सुटी झाली तेव्हा ती माझ्या खांद्याला धरून संडासापर्यंत जायची. मी अमरावतीला शाळेत शिकवते. भाऊ-वहिनी उजाडल्यापासून भाजीच्या मागे. दिवसभर तिच्याजवळ थांबणार कोण? अमरावतीच्या एका सेवाकेंद्रात तिला ठेवायचं मीच ठरवलं.

जागा स्वच्छ होती. शाळा सुटली की मी रोज जायची. आठवड्यात पाहिलं तर आईला डायपर बांधलेला. तिथली बाई म्हणाली, "ताई, पंधरा पेशंट अन् आमी दोघी. पडल्या तं जबाबदारी कोनाची?" तिचं खोटं नव्हतं.

दोन महिन्यांत आईच्या पायांच्या काड्या झाल्या. एक दिवस ती म्हणाली, "मले चालता येते, हे तू तरी सांग ना याइले." मी तिला उभं करायला गेले. तिचे गुडघे वाकले आणि आम्ही दोघी खाटेवर कोसळलो.

दुसऱ्या दिवशी तिला गावी आणलं आणि रजा टाकली. शेजारच्या काकू सकाळी झेंडू बाजारात पोचवून दहाला मोकळ्या होत. त्या म्हणाल्या, "मी बसीन तिच्यापाशी. पन तिले उचलाव कसं, हे मले कोनी शिकवलं नाही." मलाही कुठे येत होतं? अकोल्याहून व्यायाम शिकवणाऱ्या एक डॉक्टरबाई दोन रविवार आल्या आणि आम्हाला कुशीवर वळवणं, उचलणं, पाठीच्या जखमा टाळणं शिकवून गेल्या.

मग ग्रामसभेत मी मागणी केली, की अंथरुणाला खिळलेल्यांकडे घरी येऊन पाहणारं, शिकवणारं माणूस हवं. मागून कोणीतरी बोललं, "मायबापाचं करनं बी आता सरकारनंच कराव का?" काकू उठल्या. "करून राहिलो ना आमी. पन कसं कराव, ते तं सांगा."

ठराव झाला. उपकेंद्राची नर्स दर बुधवारी चार घरी येऊ लागली. पावसाळ्यानंतर तिची बदली झाली आणि दुसरी अजून आलेली नाही. तोवर त्या घरांत काकूच जातात. मी शनिवारी अमरावतीहून येते, सोमवारी परत जाते. आई आता खुर्चीत बसते, डाव्या हातानं जेवते. ती चालत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, पहिल्या दोन महिन्यांत पाय हलते ठेवले असते, तर चालली असती.